बिनकवाडाची विहीण

मंदाला सातवा महिना लागला तशी मुक्ताबाईंच्या मनातून एक गोष्ट जाता जाईना. ज्या घराला दारच नाही, त्या घरात आपली लेक बाळंत होणार. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. नगरला सगळी तयारी झाली होती. पण मंदाने नवऱ्याकरवी निरोप धाडला, मी इथंच राहीन म्हणते.

इथंच म्हणजे शिंगणापूरला. जावई मच्छिंद्र सोनईच्या शाळेत मास्तर. त्या गावात शनिदेवाच्या भरवशावर कोणी घराला कवाड लावत नाही, पेटीला कुलूप घालत नाही. नुसती चौकट असते आणि रस्त्यावरून थेट चूल दिसते. मुक्ताबाईंना चोराचं भय नव्हतंच. भय होतं ते विहिणीचं.

विहीण मनकर्णाबाई मूळची कर्जतकडची. लग्न होऊन आली तेव्हा कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून जेवायची. "रस्त्यानं जानारा परतेक गडी माज्या ताटात बघतोय असं वाटायचं," असं ती हसत सांगे. मग तिच्या ध्यानात आलं, की इथली माणसं चौकटीजवळ आली की नजर खाली घालतात, बाहेरूनच खाकरतात, आणि आतून 'या' आल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. तिच्या लेखी तेच कवाड. नवरा लवकर गेला. दुसऱ्याच्या रानात खुरपून तिने पोराला शिकवलं. तोंडाने फटकळ, मिश्रीची शौकीन, आणि आपल्या हातच्या कारळ्याच्या चटणीची बढाई मारताना तिला कुणाची भीड नसे.

निरोप मिळाला तशा मुक्ताबाई लेकीला आणायला एस.टी.ने गेल्या. पाहतात तर भर रस्त्यासमोर मंदा सासूच्या पुढ्यात बसून वेणी घालून घेत होती, "आत्याबाई, ऐका तर खरं," म्हणत खिदळत होती. मुक्ताबाईंनी पिशवी चौकटीबाहेरच खाली ठेवली. नगरच्या घरात हीच मंदा खोलीची कडी आतून लावून घ्यायची आणि त्या चहाचा कप घेऊन बाहेर उभ्या असायच्या. कॉलेजात त्यांना तत्त्वज्ञान होतं. खोलीत कोणी नसताना टेबल तिथं असतं का, असं सर विचारायचे आणि मुली तोंडाला पदर लावून हसायच्या. आता त्यांना वाटलं, टेबलाचं राहू द्या. बंद दाराआड जी मंदा होती, ती आपण कधी पाहिलीच नाही. आणि या बाईला ती रोज दिसते, फुकट.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनकर्णाबाई रानात गेली. मंदाचा डोळा लागला. चौकटीतून ऊन येत होतं, धूळ येत होती, जाणाऱ्या-येणाऱ्यांची बोलणी येत होती. घटकाभर तरी लेक आपल्यापुरती असावी म्हणून मुक्ताबाईंनी बाज उचलली, चौकटीत उभी केली आणि तिच्या पायाशी पाटा टेकवला. घर अंधारलं. त्या मंदाच्या उशाशी बसल्या आणि त्यांना फार बरं वाटलं.

घरात माणूस गेलं की बाज उभी करतात, हे त्यांना माहीत होतं. त्या क्षणी सुचलं नाही, एवढंच. शेजारच्या कडूबाईने ते रस्त्यावरून पाहिलं. घरात पोटुशी सून, तिचंच बरंवाईट झालं असं समजून ती हाकसुद्धा न मारता रानाकडे पळाली.

मनकर्णाबाई आली ती अनवाणी, खुरपं हातात तसंच. तिने बाज ढकलली, पाटा कलंडला, मंदा दचकून उठून बसली. सून जिवंत दिसताच ती तिच्याजवळ जाऊन बसली. मागे निम्मी आळी गोळा झालेली.

"काय झालं गं मनकर्णे?" कोणीतरी विचारलं.

"काय व्हायचंय? इहीनबाईस्नी ऊन लागत हुतं. नगरची मान्सं, नाजूक. जा आता, चुलीवरचं करपंल तुमच्या."

लोक पांगले. मुक्ताबाईंना वाटलं, हिने चार शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं. झाकून घेणंही हिलाच जमावं?

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"लई चुकलं." मनकर्णाबाईने बाज आडवी केली. "माजा जीव गेल्ता. पन एक सांगा, तुमी न्यायला आलात, पोरीला इचारलंत का?"

"माहेरी यायला काय विचारायचं?"

"म्या बी न्हाई इचारलं," ती खुरप्याची माती काढत म्हणाली. "हितंच ऱ्हा, हितंच ऱ्हा म्हनून रोज तिच्या कानाशी लागले. नगरला गेली म्हंजी तुमचीच हून बसंल, असं वाटायचं मला."

"दोघी मिळून वाटून घ्या मला," मंदा म्हणाली आणि भिंतीकडे कूस वळवली.

मुक्ताबाई एकट्याच परतल्या. एस.टी.त बसल्या बसल्या त्यांच्या मनात येत होतं, ही बाईही आपल्यासारखीच जळते. त्याने त्यांचं जळणं कमी झालं नाही. पण बाळाला आधी कोण उचलून घेणार, हे भांडण नगरला बसून करता येण्यासारखं नव्हतं. लेक जागेवरून हलणार नसेल, तर आपण हलायचं.

नगरला शेजारच्या वकिलांकडे फोन होता. सकाळी सोनईच्या पोस्टाला ट्रंक कॉल लावायचा, निरोप्या शिंगणापूरला पाठवायला सांगायचं. फोनवर बोलवायचं मंदाला नाही, मनकर्णाबाईंना. आणि सरळ विचारायचं, बाळंतपण होईपर्यंत मी तुमच्याकडे राहायला येऊ का?