तीन महिने सांगायचं नाही

माझ्या नाकावर राग असतो असं घरातले म्हणतात. असेल. रोज सकाळी थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि मग तासभर चहाचं नाव काढायचं नाही, असं एकदा करून बघा. सासूबाई अंगणाला लागून असलेल्या सपरीत बसून अद्रक टाकलेला चहा बशीतून फुर्र करून पितात आणि मी अंगणात येरझाऱ्या घालते. झाडू घेते, ठेवते, घड्याळ बघते. त्या तासाभरात माझ्याशी कोणी बोलू नये, हे आता मोहल्ल्यालाही कळलंय.

गोळी सुरू व्हायच्या आधी मात्र मला राग यायचीही ताकद नव्हती. लग्नाला दोनेक वर्षं झाली होती. सौंदडला स्टेशनच्या रस्त्यावर आमचं घर, आणि मी घरीच ब्लाऊज शिवते. दुसऱ्यांच्या अंगाला टेप लावून पोट भरणारी बाई मी, मला माझं वाढलेलं अंग दिसत नव्हतं असं नाही. स्वतःच्या ब्लाऊजची शिलाई उसवून उसवून, सैल करायला आत कापड उरलं नाही. तोंड सुजलं, आवाज घोगरा झाला, केस फणीत यायला लागले. मे महिन्यात आमच्याकडे कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसतात, त्या उन्हाळ्यात मी नवऱ्याला पंखा बंद करायला सांगायचे.

मापं द्यायला आलेल्या बाया टेपखाली उभ्या राहून माझ्याच पोटाकडे बघायच्या.

"काई हाय का वं?"

"नाई."

"लपवून राहिली काय आमच्यापाशी?"

काही नव्हतं, तेच तर दुखणं होतं. सासूबाई म्हणायच्या, "दिवसभर झोपून राह्यते, आंग नाई वाढंल त काय होईन." मलाही वाटायला लागलं होतं की मी आळशीच आहे. सुईत दोरा ओवायला घ्यायचा आणि हात मांडीवर ठेवून बसून राहायचं, असे दिवस गेले.

शेवटी गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं आणि आळसाला नाव मिळालं. आधी पंचवीसची गोळी, मग पन्नासची, मग पंचाहत्तरची. दर वेळी पुन्हा रक्त. रक्त काढणारा माणूस म्हणजे आमच्याच मोहल्ल्यातला, माझा चुलत दीर. बाजाराच्या तोंडाशी त्याची एक खोली आहे, तिथे तो नमुने गोळा करतो, डबा गाडीने गोंदियाला जातो आणि रिपोर्ट मोबाइलवर येतो. पंचाहत्तरवर मी माणसात आले. मशीन पुन्हा खडखडायला लागली, पंखा लागला, आणि रागही आला.

मग दिवस राहिले.

आमचं घर बौद्धांचं. आजेसासऱ्यांनी दीक्षा घेतली त्याच वर्षी घरातले देव तलावात सोडले. उपास नाही, नवस नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. पौर्णिमेला सासूबाई पांढरी साडी नेसून वंदनेला सगळ्यांच्या पुढे बसतात, आणि कोणी अंगात येण्याच्या गोष्टी केल्या की तिथल्या तिथे त्याची बिनपाण्याने करतात. पण देवांबरोबर एक गोष्ट तलावात सोडायची राहून गेली होती. तीन महिने पुरे होईपर्यंत पोटुशी आहे म्हणून कोणाला सांगायचं नाही. शेजारणीला नाही, नणंदेला नाही, माझ्या माहेरी तर मुळीच नाही.

"नजर-बिजर काई नसते," सासूबाई म्हणाल्या, "पन सांगाचं कायले?"

त्याच आठवड्यात माझं रक्त तपासायचं ठरलेलं होतं. दिराने काढलं. रिपोर्टवर ज्या दोन आकड्यांच्या मध्ये यायला हवं, त्यांच्या मध्ये माझा आकडा होता. डॉक्टर म्हणाले, "छान. नॉर्मल आहे. पंचाहत्तरच चालू ठेवा." पदराखाली माझा हात पोटावर होता. कंपाउंडर दारात उभा, बाहेर बाकावर गाव बसलेलं. मी "हो" म्हणाले आणि चिठ्ठी घेऊन घरी आले.

दुसरा महिना सरता सरता ते गेलं.

नवरा गोंदियाच्या राईस मिलमध्ये कामाला. त्यानेच मला तिथल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोनोग्राफी झाली, जे व्हायचं ते झालं, आणि संध्याकाळच्या गाडीने आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी मी मशीनवर बसले. एका नवरीचे ब्लाऊज द्यायचे होते, आणि न देण्याचं कारण सांगता येत नव्हतं. नवरीची आई आली, बाह्यांना लावायच्या लेसवरून हुज्जत घालून गेली. माझ्या घरून कोणी गेलं होतं, पण सांत्वनाला कोणी येणार नव्हतं. ज्याच्या येण्याची कोणाला खबर नाही, त्याच्या जाण्याची कोण घेणार? मी नवरीच्या बाहीवर तोंड दाबून रडले आणि मग तो डाग पाण्याने पुसला.

डॉक्टरीणबाई मात्र चिडल्या होत्या. "थायरॉईड की गोली चालू है तुम्हारी, तो दिन चढ़ते ही आना था ना. किसका इंतज़ार कर रही थीं?" त्यांनी समजावून सांगितलं. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, ते आईचंच घेतं. म्हणून आईची गोळी लगेच वाढवावी लागते. एरवीच्या माणसाला जो आकडा नॉर्मल, तो पोटुशीला पुरेसा असेलच असं नाही. मी ऐकत होते आणि कानशिलं तापत होती. मग त्या म्हणाल्या, "पर इसी वजह से हुआ, ये मैं नहीं कह सकती. ऐसे भी हो जाता है कभी-कभी."

या शेवटच्या वाक्याने माझी झोप उडवली. दोष लागला असता तर तो कोणाच्या तरी डोक्यावर फोडता आला असता. "ऐसे भी हो जाता है" याचं काय करायचं? भाकरी थापताना ते आठवायचं, काजं करताना आठवायचं. कधी वाटायचं, गोळीचा काही संबंध नव्हता. कधी वाटायचं, सगळा तिचाच होता आणि मी डॉक्टरांसमोर मूग गिळून बसले होते. घरात सासूबाईंनी त्या विषयावर परत ब्र काढला नाही. जेवायला वाढताना ताट जरा हळू ठेवायच्या, एवढंच. मला ते हळू ठेवणंही सहन व्हायचं नाही.

पुढच्या वर्षी धानाची रोवणी उरकली आणि माझी पाळी चुकली. सकाळी पट्टीवर दोन रेघा दिसल्या आणि मी ओल्या हातानेच बाहेर आले.

"आई, मी गोंदियाले जाऊन राहिली. आत्ताच्या गाडीनं."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ओळखलं. "बस खाली. घाई कायची? मांगच्या बारीले दवाखान्यात गेली, काय झालं माहीत हाय ना?"

"मांगच्या बारीले सांगतलं नाई म्हनून गोली वाढली नाई!"

"हळू बोल. भिंतीले भिंत लागून हाय."

"आयकू द्या ना भिंतीले!"

नवऱ्याला फोन लावला. मागे मिलच्या मशीनचा आवाज. तो ओरडून म्हणाला, "मायचं आयक ना, तीन महिनेच त हायेत." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, तीन महिन्यांनी सांगून काय करू, आरती ओवाळू? फोन ठेवला, पिशवीत जुने रिपोर्ट कोंबले आणि स्टेशन गाठलं. गाडीत ओळखीच्या दोघी भेटल्या, कुठे निघालीस म्हणून विचारलं. लेस आणायला, म्हटलं. वाघिणीसारखी घरातून निघालेली मी, तरी तोंडातून तेच बाहेर पडलं. सवय जाता जात नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशीच पंचाहत्तरची शंभर केली. रक्तवाढीच्या गोळ्या पुढे सुरू झाल्या की त्या रात्री घ्यायच्या, या गोळीसोबत नाही, हे दोनदा बजावलं. "और चार हफ्ते बाद फिर खून. हर महीने. भूलना नहीं."

ते चार आठवडे कसे काढले ते माझं मला माहीत. मशीनवर बसले की उठावंसं वाटे, उठले की पडावंसं. पोटात जरा कुठे कळ आली की मी न्हाणीकडे धावे, कपडा बघे, परत येई, पुन्हा जाई. छातीत धडधडलं की वाटे गोळी जास्त झाली, सुस्ती आली की वाटे कमी पडते आहे. एका बाईच्या ब्लाऊजचा गळा मी पाठीच्या बाजूला कापला. तिने गावभर केलं. सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या, पण मी न्हाणीतून बाहेर आले की त्यांची नजर माझ्या तोंडावर. मी मान हलवली की त्या परत तांदूळ निवडायला लागायच्या.

रक्ताच्या दिवशी त्या चप्पल घालून दारात उभ्या. "मी बी येऊन राहिली." मला वाटलं, पहाऱ्याला येतात, मी दिराजवळ काही बोलून बसू नये म्हणून.

दिराच्या खोलीत बाक भरलेला होता. तापाचे दिवस होते. त्याने डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी न बघताच बाजूला ठेवली. "वयनी, तुमचा त नॉर्मल आलता ना मांगं? डबा बंद केला आता, गाडीची वेळ झाली. उद्या या सकाळी."

मी तोंड उघडलं. आणि मी, जिला गावात भांडखोर म्हणतात, तिच्या तोंडातून आवाज फुटेना. बाकावर ती उलट्या गळ्याच्या ब्लाऊजवाली बसली होती, शेजारची म्हातारी होती, सगळी वाट बघत होती.

"उद्या नाई," मागून सासूबाईंचा आवाज आला. "आजच. डबा खोल."

"काकी, पन..."

"सून दोन जीवाची हाय माही. रक्त आजच गेलं पायजे."

बाकावरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

शेजारच्या म्हातारीने विचारलंच. "कितवा महिना?"

"तिसरा लागला," सासूबाई म्हणाल्या, आणि मग बाकावर जागा नव्हती तरी दोघींच्या मध्ये जाऊन बसल्या. दिराने मुकाट्याने डबा उघडला.

घरी येताना त्या रस्ताभर माझ्या पुढे चालल्या. रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, लांबलचक, संपता संपेना. त्या आवाजात त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माहे दोन गेले. याच्या आंगोदर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. नवऱ्याला थोरलं कोणी असणार होतं, हे नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

"कोनाले सांगतलं नाई. कोनी इचारू नये ना मंग, कुठं गेलं म्हनून. त्याच्यासाठीच असते ते तीन महिने. नजर कायची न काय."

"आई, मंग कोनी इचारलं नाई त बरं वाटलं काय तुमाले?"

मालगाडीचा शेवटचा डबा गेला. फाटक वर व्हायला लागलं तरी त्या तिथेच उभ्या होत्या.

"नाई," त्या म्हणाल्या.

इतके महिने मी त्यांच्यावर धुमसत होते. तो राग त्या दिवशी गेला असं खोटं कशाला सांगू? पण फाटक ओलांडताना मी त्यांचा दंड धरला आणि त्यांनी धरू दिला.

संध्याकाळी रिपोर्ट आला. शंभरची गोळी घेऊनही आकडा पाहिजे त्याच्या वरच होता, म्हणजे गोळी अजून कमीच पडत होती. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सव्वाशेची सांगितली. पुढच्या महिन्याच्या रिपोर्टला तो खाली उतरला. तोपर्यंत मोहल्ल्यातल्या बायांनी घरात रीघ लावली होती. कोणी चिंचा आणल्या, कोणी सल्ले. जिचा गळा मी उलटा कापला होता तीही आली आणि म्हणाली, "मले सांगाचं ना वं, मी काई बोलली नसती." दर महिन्याला रक्त देऊन आले की अख्खा रस्ता विचारायचा, किती आला? मला कटकट व्हायची. सासूबाई मात्र थांबून थांबून प्रत्येकीला सांगायच्या, जणू बारावीचा निकाल.

धान कापून, चुरून, कोठीत गेलं, त्याच्याही पुढे गोंदियाच्या दवाखान्यात माझ्या कळा सुरू झाल्या. नवरा कागद घेऊन खाली-वर पळत होता. मी खाटेच्या दांडीला धरून उभी होते, बसवत नव्हतं, निजवत नव्हतं. नर्स हातात पेन घेऊन आली. थायरॉईड, गोळी कितीची, शेवटचा रिपोर्ट, सगळं पटापट विचारलं. मला कळ आली म्हणून तिने सासूबाईंकडे तोंड केलं.

"माँजी, पहला बच्चा है ना?"

मी दात आवळून होते. त्यांच्या तोंडून सवयीने "हो" येईल असं मला वाटलं.

"नाई," सासूबाई म्हणाल्या. "दुसरं हाय. पयलं गेलं आमचं."

नर्सने लिहून घेतलं. मी त्या दांडीला डोकं टेकवलं आणि मोठ्याने रडायला लागले. नर्सला वाटलं, कळ वाढली. ती मला आत घेऊन गेली आणि उजाडायच्या आत मला मुलगी झाली.