अंथुर्ण्याचा पाऊस

विमा कंपनीनं आम्हाला फसवलं, हे मी इतकी वर्षं सांगत आलोय की आता समोरचाच माझं वाक्य पुरं करतो. बारामतीच्या मार्केटात, लग्नाच्या जेवणावळीत, मशिदीबाहेर चपला घालताना कुणीतरी विचारायचं, त्या कंटेनरचं पुढं काय झालं? मी म्हणायचो, काय व्हायचं, हप्ता घेताना गोड बोलतात. पुढचं तो बोलायचा. फसवणूक झाली हे खरंच आहे. कुणाची झाली, तेवढं मी सांगितलं नव्हतं.

आमच्या घरात फळांचा व्यापार आजोबांपासूनचा. द्राक्षं परदेशी पाठवायचं धाडस मात्र माझं. पॅकहाऊस कळंबला, तात्यांच्या जागेत, त्यांच्या वस्तीला लागून. तात्या वडिलांचे दोस्त. त्यांची बाग अशी की परदेशातल्या गिऱ्हाइकाला दाखवायला मी आधी तिथंच न्यायचो. मला ते लहानपणापासून ‘शेठ’ म्हणत. तेव्हा माझ्या खिशात गोळ्या-बिस्किटांपुरते पैसे असायचे, आणि तात्या हे चारचौघांत सांगतही.

त्या दिवशी कंटेनर भरून झाला होता, दाराला सील लागलं होतं. तात्या नारळ फोडायला आले आणि कुणीतरी बोलून गेलं की आज अमावस्या आहे. नारळ तसाच हातात धरून ते म्हणाले, गाडी उद्या हलवायची. मी म्हटलं, तात्या, आमच्यात कुठं असतं हे?

“आवस झाल्याबिगर तुझा चांद तरी कसा दिसंल, शेठ?”

सगळे हसले, मीही हसलो. जहाज सुटायला अवकाश होता. गाडी राहिली.

कंटेनर थंड ठेवायला खाली जनसेट, म्हणजे डिझेलवरचा जनरेटर असतो, तो ट्रॅक्टरसारखा धडधडत होता. तात्यांची सून नुकतीच माहेराहून तान्हं बाळ घेऊन आली होती; मुलगा तेव्हा पुण्यात नोकरीला होता. बाळ झोपेना. तक्रार कुणी केली नाही. पण आतून त्याचं रडणं ऐकू येत होतं, गाडी राहिली म्हणून ड्रायव्हर घरी गेला होता, म्हणून मीच जाऊन मशीन बंद केलं. कंटेनरच्या भिंती जाड, माल आत गारठलेला, तासाभरानं काय बिघडणार? मग इंदापूरहून फोन आला, मी कामाला गेलो, आणि तिथंच अडकलो. परतलो तेव्हा उन्हं उतरली होती. उन्हाळा तोंडावर आलेला, पत्रा हाताला पोळत होता. मी मशीन चालू केलं. तात्या कट्ट्यावर बसले होते.

“बंदच हुती व्हय ही? मला वाटलं, चालू करायला तूच सांगून गेलास कुणाला.”

काही होत नाही, मी म्हणालो.

दर्यापार दार उघडलं तेव्हा मणी घामेजलेले होते आणि खोक्यांच्या तळाशी बुरशी धरली होती. गिऱ्हाइकानं माल नाकारला. मी दर्याच्या, म्हणजे जहाजानं जाणाऱ्या मालाच्या विम्याचा दावा केला, आणि कंपनीचा सर्व्हेअर कळंबला आला.

आता हे आमच्याकडच्याच माणसाला कळेल. आम्हाला विमा म्हणजे पीकविमा. पंचनाम्याला माणूस आला की पाऊस सांगायचा. गारपीट झाली असली तर उत्तमच, नसली तरी अवकाळी शिंतोडे कुठं ना कुठं पडलेलेच असतात. याला खोटं कुणी म्हणत नाही, ती बोलायची रीत झाली आहे. सर्व्हेअरनं विचारलं, तोडणीच्या वेळी माल ओला होता का? मशीनबद्दल त्यानं अजून काहीच विचारलं नव्हतं, आणि त्यानं ते विचारू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं. तोडणीच्या पहाटे शेजारच्या गावात, अंथुर्ण्यात, भुरभुर झाली होती. कळंबला एक थेंब नव्हता. मी तो पाऊस उचलून तात्यांच्या बागेत आणला. म्हटलं, हो साहेब, हलका झाला होता.

तात्या शेजारीच उभे होते. सर्व्हेअरनं त्यांच्याकडं पाहिलं. बागेत पाणी पडल्यावर ते कधी कात्री लावू देत नसत, सगळ्या कळंबला ठाऊक होतं. ते माझ्याकडं बघत राहिले. मी काही बोलेन म्हणून थांबलेत, हे मला तेव्हाच समजलं होतं.

“शेठ म्हणत्यात तसं आसंल,” ते म्हणाले.

दावा फेटाळला गेला. का, ते पुण्याच्या वकिलानं मला समजावलं. हा विमा प्रवासात जे बिघडतं त्याचा. माल मुळातच ओला भरला, तर तो मालाच्या अंगचा दोष, त्याला भरपाई नाही. मशीन आपणहून बंद पडलं असतं तर मिळाली असती. “पडलं होतं का?” त्यानं विचारलं. मी कागद गोळा केले आणि उठलो. माझ्या एका वाक्यानं दावाही गेला, आणि दोषाचा ठपका तात्यांच्या मालावर बसला.

व्यापाऱ्यांत अशी गोष्ट लपत नाही. पुढच्या हंगामात कुणीही तात्यांच्या प्लॉटवर फिरकला नाही. पाण्यातला माल भरतात, एवढंच म्हणत. मी ते ऐकत होतो. त्यानंतरच्या वर्षी त्यांनी मांडव उतरवला आणि ऊस लावला. ऊस बरा, ते म्हणाले, त्याला कुणी ओला का कोरडा इचारत न्हाय. मी हसलो. हसलो, हे लिहिताना आत्ताही लाज वाटते. तोवर माझं विमा कंपनीचं गाऱ्हाणं पाठ झालं होतं, आणि तात्यांच्या देखत म्हणतानाही मी अडखळत नसे.

यंदा त्यांच्या मुलानं पुन्हा द्राक्षं धरली आहेत. गेल्या महिन्यात नाशिककडच्या एका निर्यातदाराचा मला फोन आला; माझाही माल तो घेतो. कळंबचा तो प्लॉट घ्यावा का, तिथं माल ओला भरतात असं ऐकलंय. मुलगा माझ्या भरवशावर होता, माझं नाव त्यानंच दिलं होतं.

मी म्हणालो, पाऊस पडला नव्हता. मशीन मी बंद केलं होतं, आणि पाऊसही मीच सांगितला.  मग तो म्हणाला, बरं झालं सांगितलंत. पण आवाज बदलला होता. माझा माल तो आता उचलणार नाही, हे मला त्यावरून कळलं.

फोन ठेवून मी थेट तात्यांकडं गेलो. ते आता काठी घेऊन अंगणापुरतेच चालतात. मी सगळं क्रमानं सांगायला लागलो, मशीनपासून. त्यांनी हातानंच थांबवलं.

“मला काय सांगतोस? मी तितंच हुतो की.”

 मग त्यांनी विचारलं, “पोराला सांगितलंस?”

नाही, मी म्हणालो.

“त्येला अजून वाटतं, मीच वला माल तोडला. मी कधी न्हाय म्हणलो न्हाय. तुझ्यासाठनं.” मला त्यांनी पुन्हा शेठ म्हटलं नाही. काठीनं बागेकडं दाखवलं. “जा. हितं बसून काय उपेग न्हाय.”

मुलगा पलीकडच्या ओळींत फवारणी करत होता. पंप बंद होईपर्यंत मी बांधावर उभा राहिलो, मग त्याला हाक मारली.