कासार गल्लीतला पाण्याचा दिवस

जुन्या हुबळीतल्या कासार गल्लीत नळाला पाणी आठवड्याने यायचं, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. आणि ज्या दिवशी यायचं त्या दिवशी गल्लीत इंदुमती मिरजकरांचा शब्द चालायचा. त्या काही पुढारी नव्हत्या. नवरा रेल्वेच्या कारखान्यात फिटर, एकुलता एक मुलगा नागेश, दोन खोल्यांचं कौलारू घर. पण सगळी गल्ली त्यांना इंदूअक्का म्हणायची आणि पाण्याच्या बाबतीत त्यांचं ऐकायची.

त्यालाही कारण घडलं होतं. गल्लीतून एकच बारीक पाइप गेलेला. तोंडाशी राहणारे आपापले नळ धो धो सोडायचे आणि टोकाच्या घरांना नुसती फुसफुसणारी हवा मिळायची. मग टोकाकडच्या बायका घागरी घेऊन पुढच्या घरांच्या दारात यायच्या आणि शब्दाने शब्द वाढायचा. एकदा त्या झोंबाझोंबीत गल्लीतल्याच रूपाच्या सासूच्या कपाळाला घागर लागली आणि टाके घालावे लागले. गल्लीच्या भिंतीवर महापालिकेने कानडीत पाटी रंगवून ठेवलीच होती : पाइपला मोटर लावू नये, पाणी वाया घालवू नये, नळ उघडा सोडू नये. त्या पाटीवर लोक गोधड्या वाळत घालायचे.

टाके पडले त्या संध्याकाळी इंदूअक्का घरोघर गेल्या. कोणाला काही सुनावलं नाही, फक्त विचारलं, तुम्हाला आधी पाणी कशाला लागतं? सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मग चार गोष्टी ठरवल्या. शेवटच्या घरातल्या कुसुमक्का "बंतु!", आलं, अशी कानडीत हाक देईपर्यंत, म्हणजे टोकाला पाणी पोचलं हे कळेपर्यंत, कोणी नळ पुरता सोडायचा नाही. ज्या घरात बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल त्या घराने आधी भरून घ्यायचं, बाकीच्यांनी तोवर थांबायचं. पाणी सोडणाऱ्या वॉटरमन अप्पाजीला कोणी एकट्याने चहा पाजून गळ घालायची नाही. आणि जो हे मोडेल त्याने सगळ्या गल्लीचं भरून झाल्यावर नळ उघडायचा.

हे चाललं, कारण पाण्याच्या दिवशी इंदूअक्का स्वतः पदर खोचून गल्लीच्या मधोमध उभ्या राहायच्या. पाणी यायच्या आधी तासभर सगळ्या बायका ओट्यांवर बसलेल्या असायच्या. कोणी तांदूळ निवडतंय, कोणी लसूण सोलतंय. कानडीत सुरू झालेली गोष्ट मराठीत संपायची आणि कोणाच्या ते ध्यानातही यायचं नाही. लग्नं तिथे जुळली, सासवांच्या कागाळ्या तिथेच झाल्या आणि तिथेच विरल्या.

मग एका वर्षी पाऊस फिरकला नाही. पाणी पंधरवड्यावर गेलं. त्याच उन्हाळ्यात नागेशची बायको योगिता तान्ह्या मुलीला घेऊन माहेराहून आली. आणि नेमकं तेव्हापासून कुसुमक्कांची हाक येईनाशी झाली. पाण्याच्या एका पाळीला फार उशिरा आली, पुढच्या पाळीला आलीच नाही. कुसुमक्का रिकामी घागर तशीच घेऊन आल्या आणि इंदूअक्कांसमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती.

इंदूअक्का चिडल्या. कोणीतरी मोटर लावलीय हे उघड होतं. त्या घरोघर जाऊन न्हाणीत डोकावून आल्या. रूपाच्या घरी नवी मोटर दिसली. ती गावाकडच्या विहिरीतून पाणी काढायला आणली होती, पण इंदूअक्कांनी ऐकून घेतलं नाही. चारचौघांत तिला बोल लावला. रूपाने दार लावून घेतलं.

पुढच्या पाळीला इंदूअक्कांना चक्कर आल्यासारखं झालं म्हणून त्या घोटभर पाणी प्यायला घरात आल्या. एरवी पाणी असेपर्यंत त्या घरात पाऊल टाकत नसत. न्हाणीतून बारीक घूं घूं आवाज येत होता. दोन गोणपाटं बाजूला केली तर खाली छोटी मोटर, पाइपला जोडलेली. त्यांनी वायर ओढून काढली आणि तिथेच चुलाण्यापाशी बसल्या. नागेश दारात येऊन उभा राहिला.

"बाळाच्या दुपट्यांना पाणी पुरत नव्हतं, आई," तो म्हणाला.

"मग मला सांगायचंस. बाळंतिणीचं घर आधी, हा नियमच आहे आपला."

नागेश म्हणाला, "नियम करणारीच्याच घरात आधी पाणी, असं लोक म्हणाले असते."

 पोराने आईचं नाव राखायला म्हणून चोरी केली होती आणि तीच चोरी शोधत इंदूअक्का गल्लीभर फिरल्या होत्या. त्या उठल्या, मोटर दोन्ही हातांनी उचलून बाहेर घेऊन गेल्या आणि ओट्यावर ठेवली. सगळ्या बायका बघत होत्या. त्यांनी लांबण लावली नाही. मोटर आमच्या घरातली आहे, आता आमचा नळ सगळ्यांच्या शेवटी, एवढंच म्हणाल्या. मग रूपाच्या दाराशी गेल्या आणि ते उघडेपर्यंत थांबल्या. रूपाने दार उघडलं, ऐकून घेतलं आणि "झालं ते झालं" म्हणाली. पण पुढे कितीतरी दिवस ती त्यांच्या ओट्यावर बसायला आली नाही. तेही इंदूअक्कांनी सोसलं.

बाळंतिणीच्या घराला शिक्षा नको, असं काही जणी म्हणाल्या. इंदूअक्का बधल्या नाहीत. पाऊस येईपर्यंत त्यांच्या घराने शेवटीच भरलं. पुष्कळदा भरायला उरायचंच नाही. अशा वेळी कुसुमक्का कमरेवर एक घागर आणि हातात एक कळशी घेऊन यायच्या आणि उंबऱ्याच्या आत ठेवून द्यायच्या. पहिल्या दिवशी इंदूअक्कांनी त्यांना अडवलं, हे नियमात बसत नाही म्हणाल्या.

"नियम नळाचा, अक्का," कुसुमक्का म्हणाल्या. "घागर माझी आहे."

तेव्हापासून त्या दोघींचं जुळलं ते जुळलंच. वास्तविक आधी बोलणं बेताचंच होतं. कुसुमक्कांचे यजमान दुर्गदबैलच्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला होते. उरल्यासुरल्या तुकड्यांतून कुसुमक्कांनी बाळाला कुंची शिवली. इंदूअक्का त्यांच्या सासूला उठवून बसवायला, वेणीफणी करायला जाऊ लागल्या. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ कशी थापायची ते त्या कुसुमक्कांकडून शिकल्या, तरी कुसुमक्कांसारखी कधी जमली नाही.

वर्षं गेली. इंदूअक्कांचा नवरा गेला, अप्पाजी निवृत्त झाला. मग एके वर्षी गल्ली खणली गेली, निळे पाइप पडले, दारोदारी मीटर बसले आणि पाणी अहोरात्र येऊ लागलं. त्या दिवशी बायकांनी मीटरला हळदकुंकू लावलं. इंदूअक्कांनीही लावलं आणि डोळे पुसले, आनंदानेच. योगिताने न्हाणीतली पिंपं भंगारवाल्याला देऊन टाकली आणि तिथे कपडे धुण्याचं मशीन आलं. महापालिकेचे नियम आता नवे होते. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, मीटरला हात लावायचा नाही. घंटागाडी कानडी गाणं वाजवत यायची, दारं उघडायची, डबे रिकामे व्हायचे, दारं लागायची. ओट्यांवर दुचाक्या उभ्या राहू लागल्या.

कुसुमक्कांना त्यांचा मुलगा हुबळीतच विद्यानगरला फ्लॅटमध्ये घेऊन गेला. इंदूअक्का घरात असूनही कुठेतरी पोचायचं राहिल्यासारख्या वागायच्या. ती तान्ही मुलगी, निवेदिता, आता विद्यानगरच्याच कॉलेजात शिकत होती. तिने एकदा विचारलं, "आजी, पाणी नव्हतं त्या दिवसांची कसली आठवण काढतेस गं?" इंदूअक्का हसल्या. हातातले तांदूळ निवडत राहिल्या. 

शेवटी निवेदिताच त्यांना एका सुट्टीच्या दिवशी रिक्षाने विद्यानगरला घेऊन गेली. कुसुमक्का बारीक झाल्या होत्या. त्यांनी सगळं घर फिरून दाखवलं, हा गरम पाण्याचा नळ, हा गार. मग दोघी गॅलरीत बसल्या. इंदूअक्कांनी विचारलं, समोर कोण राहतं? कुसुमक्कांना माहीत नव्हतं. येऊन वर्ष होत आलं होतं. लिफ्टमध्ये सोसायटीच्या नियमांची पाटी आहे, दारात चपला ठेवायच्या नाहीत, जिन्यात थांबून मोठ्याने बोलायचं नाही, त्यामुळे कोणाशी गाठच पडत नाही, असं त्या सांगू लागल्या.

इंदूअक्का उठल्या, दार उघडून बाहेर गेल्या आणि समोरची घंटी दाबली. एका मध्यमवयीन बाईने दार उघडलं. इंदूअक्कांनी आवाज अगदी हळू ठेवून तिच्याकडे विरजण मागितलं. कुसुमक्का मागे उभ्या राहून पदराने तोंड झाकत होत्या, कारण त्यांच्या फ्रिजमध्ये पातेलंभर दही होतं. त्या बाईचं नाव श्यामला. ती वाटीत विरजण घेऊन आली, आत या म्हटल्यावर आली आणि चहा होईपर्यंत बसली. बोलता बोलता कळलं, इंदूअक्कांचं माहेर धारवाडचं, तशी तीही धारवाडची, त्यांच्याच शाळेतली, पुष्कळ वर्षांनी मागची. त्यानंतर निवेदिताने दोनदा घड्याळ दाखवलं, पण कोणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमक्कांचा फोन आला. वाटी रिकामी कशी द्यायची म्हणून शेंगाचटणी कुटून, भरून दिली होती. आणि श्यामलाने ती दारातच उभं राहून बोटाने चाखली, असं त्या सांगत होत्या.