स्लॅबवरची पाळी

रिहे गावातल्या आमच्या आळीत स्लॅबचं पहिलं घर आमचं झालं. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. ते माझ्या हट्टानं झालं, हे मी आजही ठणकावून सांगते. बाकी सगळी घरं कौलारू. दर वैशाखात आळीतली माणसं रोज एक घर धरून कौलं चाळायची, फुटकी काढून नवी बसवायची आणि दुपारी त्याच घरी जेवायची.

स्लॅब झाल्यावरच्या वैशाखात मी निर्धास्त होते. पण आमच्या पाळीच्या दिवशी सासूबाईंनी सकाळीच मोठं पातेलं चुलीवर चढवलं.

मी म्हटलं, "आत्याबाई, आता कौलं हायेत कुटं?"

"कौलं न्हाईत, पर पाळी हाय ना," त्या म्हणाल्या.

मी चिडले. पण खरंच, सवयीनं आठ-दहा माणसं शिडी घेऊन दारात आली. वर बघून स्वतःवरच हसली, शिडी भिंतीला टेकवून पंगतीला बसली आणि आमटी-भात पोटभर जेवली. निघताना शेजारचे म्हातारबाबा म्हणाले, "सूनबाई, घर लई पक्कं केलंस. आता आमचं हितं काय काम?"

मला ते कौतुकच वाटलं.

पुढच्या वैशाखात शिडी आमच्या दारावरनं सरळ पुढं गेली. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. मी पदर खोचला, धावत गेले आणि शिडीचं मागचं टोक खांद्यावर घेतलं.