फुलावर घेतलेली बाग

संत्र्याची बाग फुललेली मी पस्तिशी उलटेपर्यंत पाहिली नव्हती. माहेर नागपूरचं, सासर नागपूरचं, हिवाळाभर घरात सालींचा वास; पण झाडाला फूल कसलं येतं असं कुणी विचारलं असतं तर मला गप्प बसावं लागलं असतं. मी शाळेत शिकवायचे, आणि गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. ती बाग मला दिसली ती नवऱ्याच्या कर्जापायी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नवरा सरकारी कचेरीत कारकून, भारी बोलका. संध्याकाळी आला की साहेब कुणावर डाफरले इथपासून कँटीनच्या चहापर्यंत सगळं सांगायचा. याच्या पोटात काही राहत नाही, असं मी मैत्रिणींना कौतुकानं सांगे. एका रविवारी तो दाढी करायला सलूनमध्ये गेलेला असताना काटोलकडचे एक बागाईतदार दारात आले. धोतर, कोट, हातात संत्र्यांची पिशवी. मी चहा दिला. बशीत ओतून पिता पिता ते म्हणाले, "वहिनी, भाऊले सांगजा, बागेचे राहिलेले पैसे या महिन्यात भेटले तर बरं होईन. पोरीचं लग्न काढलं हाय."

"कोणती बाग?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "तुमाले मालूम नाही?"

आमच्याकडे व्यापारी संत्री तोडायच्या आधीच अख्खी बाग घेतो. झाडावरचा माल नजरेनं जोखायचा आणि सौदा करायचा. जाणता माणूस फळ धरून लिंबाएवढं होईस्तोवर थांबतो. आमचे कारकूनसाहेब कुणा सोबत्याबरोबर माघात काटोलला गेले, फुलं पाहिली आणि फुलावरच बाग घेऊन बसले. पुढं फुलं गळली, जी फळं धरली त्यातली निम्मी उन्हाळ्याच्या वाऱ्यानं पाडली. बाजारात तुरी म्हणतात तसंच झालं होतं, फक्त भटणीला पत्ता नव्हता.

इसारासाठी त्यानं कचेरीतल्या दोघांकडून उसने घेतले होते, सदर बाजारातल्या एका कापडवाल्याकडून घेतले होते, आणि माझ्या सख्ख्या भावाकडूनही. तोच भाऊ भाऊबीजेला माझ्या ताटात ओवाळणी टाकून, अनारसे खाऊन, मुकाट्यानं निघून गेला होता. सगळ्यांना ठाऊक, एक मी सोडून. कर्जापेक्षा मला तेच जास्त लागलं.

मी ओरडले नाही, त्यावरूनच नवऱ्यानं काय ते ओळखलं. पगार माझ्या हातात येऊ लागला, पण विश्वास काही पगारासोबत येत नाही. बस उशिरा सुटली म्हणाला की मी त्याच बसनं येणाऱ्या शेजाऱ्यांना विचारायचे. कचेरी सुटायच्या वेळेला मी दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसे, ते तो गल्लीच्या वळणावर दिसेपर्यंत. दुधानं तोंड पोळलेल्याला ताकाचाही भरवसा नसतो. या माणसाजवळ आपण उरलेला जन्म काढू शकू का, हा प्रश्न मला भाजी चिरताना पडे, वह्या तपासताना पडे.

मग त्यानं जे केलं त्याचं मला आजही नवल वाटतं. पहिला हप्ता द्यायला निघताना म्हणाला, "तूही चाल." गेलो माझ्या भावाकडे. जावई म्हणून पाट मांडलेला, वहिनी पुरणपोळी वाढायला उभी. आमच्यात जावई सासुरवाडीला मान घ्यायला जातो, द्यायला नव्हे. पैसे ठेवून हा ऊन-पावसाच्या गोष्टी काढेल, असं मला वाटलं होतं. तो पाटावर बसलाच नाही. उभ्यानंच सगळ्यांसमोर म्हणाला, "हिले मालूम नव्हतं. मी लपवलं. अन् तुमालेही लपवायले लावलं."

वहिनीच्या हातातली पोळी हातातच राहिली. भाऊ खाली बघू लागला.

कापडवाल्याच्या दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, तेच वाक्य. कचेरीतल्या सोबत्यांच्या घरी तेच. दर वेळी मला शेजारी उभं करून. पहिल्यांदा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पुढं पुढं मात्र मीच त्याची बाही ओढायचे, "पुरे आता, पैसे द्या अन् चला." तो म्हणे, "बोलू दे वं. मले खरं बोलायची सवय झाली पायजे." शाळेत मी पोरांना शूरवीरांचे धडे शिकवत होते आणि घरी हा माणूस माझ्या हातचा वरणभात खात होता.

काटोलचा हप्ता शेवटचा. माघच होता. बागाईतदारांची मुलगी बाळंतपणाला आलेली, घरात पाळणा बांधलेला. नवऱ्यानं तिथंही आपलं वाक्य म्हटलं. ते हसले, "बशी खाली ठेवली तवाच मले समजलं होतं गा. चाला, बाग पाहू."

बांधावर पाय ठेवला आणि मी थांबलेच. पानं दिसेनात एवढी फुलं. झाडांना नखाएवढी पांढरी फुलं, फांदीच्या टोकापासून बुंध्यापर्यंत, आणि तशी झाडं ओळीनं नजर पोचेल तिथवर. वास इतका की श्वास घेतला तर तो जिभेवर उतरे. मधमाश्यांचा असा गुणगुणाट की शेजारचा काय बोलतो ते ऐकू येईना. माझे हात आपोआप जोडले गेले. एवढं सगळं दर वर्षी माझ्या घरापासून दीड-दोन तासांवर होत होतं.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "यंदा ही बाग कुणाला दिली?"

नवऱ्यानं माझा दंडच धरला. "चाल वं चाल, बस निघून जाईन!" बागाईतदार पोट धरून हसले. मीही हसले. तीन वर्षांत आम्ही दोघं एका गोष्टीला हसलो नव्हतो. याच वासानं याचं डोकं फिरलं होतं तर. लपवलेलं माफ झालं असं नाही, पण तो कुठं उभा होता ते मला दिसलं.

आम्ही परतीची बस धरली. सदर आलं तसा तो उठला. "मी इथं उतरतो. येतो जरा वेळानं." कुठं, कशाला, काही सांगितलं नाही. मी "बरं" म्हटलं.

घरी आले, पाय धुतले, पदराला अजून बागेचा वास येत होता. जरा पाठ टेकावी म्हणून चटईवर आडवी झाले.

जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. दार तसंच उघडं. नवरा उंबऱ्यात उभा, चपला पायातच, काखेत माझ्या शाळेच्या चपला, सदरच्या मोच्याकडे टाकलेल्या, सोलला नवे खिळे मारून आणलेल्या. बराच वेळ उभा असावा.

"काय झालं?" मी विचारलं.

"ओट्यावर नव्हती तू," तो म्हणाला. "मी येऊन राहिलो होतो, अन् तू झोपली होती."