दुकान वाढवलं!

हसू नका म्हणालो तरी तुम्ही हसणारच, तेव्हा आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. माझी अक्कल भर बाजारात कशी उघडी पडली, ते सांगतो.

सोलापुरात सहा वर्षं मी तत्त्वज्ञानात पीएच.डी. करतोय. विषय काय, तर भाषा, मन आणि अर्थ! माझे सासरे नातेपुत्याचे, कापड दुकानदार. लग्न ठरताना त्यांनी विचारलं, "करता काय तुमी?"

"शब्दांचा अर्थ शोधतो."

"का? हरवलाय व्हय?"

तेव्हापासून एकच ध्यास. या माणसाच्या तोंडून एकदा तरी 'जावई हुशार हाय' असं वदवून घ्यायचं!

परवा सकाळी त्यांचा फोन आला. "पाव्हणं, दुकान वाढवलं बगा आज." आवाज जड झालेला. पुढं काही न बोलता फोन ठेवला.

मी मनाचा अभ्यासक ना! लगेच ओळखलं, आनंदानं गळा दाटलाय. बायको, सुनंदा, दोन दिवस आधीच माहेरी गेली होती. तयारीलाच असणार, दुसरं काय? गुलाबाचा हार घेतला, दोन किलो पेढे घेतले आणि एसटी पकडली.

बघतो तर शटर खाली. पायरीवर सासरे, शेजारी सुनंदा, अकलूजला दुकान असलेले चुलतसासरेही आलेले. मला वाटलं, फीत कापायला जावयासाठी थांबलेत! थेट हार घातला सासऱ्यांच्या गळ्यात.

"मामा, अभिनंदन! असंच दरवर्षी वाढवत जा!"

"दरवर्सी?"

"मग काय! पुढच्या वर्षी काकांचं अकलूजचंही वाढवू. मी आहे की!"

चुलतसासरे दचकून उभेच राहिले. "माजं नगं बाबा! माजं बरं चाललंय!"

सुनंदानं माझी बाही ओढली. "अहो, वाढवलं म्हणजे बंद केलं! कायमचं! गुडघ्यांमुळं उभं राहवत न्हाय त्यांना. 'बंद' म्हणायला जीभ रेटंना, म्हणून वाढवलं म्हणाले."

"हा... हा प्रयोग मला माहीत नव्हता."

"माहीत नव्हता? तुमच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण हेच हाय! नारळ वाढवणे, दिवा वाढवणे, दुकान वाढवणे. टाईप मीच केलंय की!"

आता बोला! सासऱ्यांचे डोळे ओले होते. जन्मभराचं दुकान मिटलं आणि मी वर हार घातला. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सासऱ्यांनी हार तसाच राहू दिला. एक पेढा तोंडात टाकला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "पाव्हणं, आता ते संशोधन बी वाढवा."

मी मुकाट मान डोलावली. सहा वर्षांत पहिल्यांदाच एका शब्दाचा अर्थ मला न शोधता सापडला होता!