पैलवानाचा डबा

आमच्या धुलाईघरात तिला सगळे पैलवान म्हणायचे. आता त्या नावाने हाक मारायची कोणाची छाती होत नाही, पण मी तेच म्हणणार. दुसरं नाव माझ्या तोंडात बसत नाही.

धुलाईघर इस्पितळाच्या तळघरात. दिवसाला सहाशे चादरी. धुणं-सुकवणं मशीन करतं, पण घड्या घालायला माणसंच लागतात, आणि तीही जोडीने. समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन कोपरे धरायचे, एक हिसका द्यायचा, मग घडी. अठरा वर्षं माझ्या समोर तीच. काय हिसका होता बाईचा! मी घसरत तिच्या अंगावर जायचे आणि ती खो-खो हसायची, "पाय रोव गं, काडी!" काडी म्हणजे मी. तेव्हा होते तशी.

मग तिचे गुडघे गेले. घर तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना मधेच बसून रडायची. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण आधी वीस किलो उतरवा. भूक मारणारं इंजेक्शन सुरू झालं, आठवड्याला एक. त्यांनी बजावून सांगितलं होतं: भूक लागणार नाही, तरी घड्याळ बघून खायचं. थोडंच खा, पण आधी अंडं, डाळ, दही; भातबीत नंतर. नाहीतर चरबीबरोबर मांसही झडेल. लेकीने हे सगळं कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलं. पोरगी दिवसभर दुकानात उभी, तरी पहाटे उठून आईसाठी वेगळं शिजवायची.

आणि ही बया? दोन घास खाल्ले की तोंड फिरवायची. "मळमळतं गं. तू खा."

"अगं, लेकीने केलंय."

"म्हणूनच म्हणते. भरलेला डबा परत गेला की रडत बसते ती." शिवाय तिच्या डोक्यात बसलेलं, कमी खाल्लं की वजन लवकर उतरणार आणि ऑपरेशन लवकर होणार. किती समजावलं! खरं सांगायचं तर दोनदा समजावलं.

मग मी खाल्लं. खोटं कशाला बोलू? माझ्या डब्यात सून कालचं उरलंसुरलं कोंबते, आणि इथे समोर ताजी डाळ, घट्ट दही, दोन उकडलेली अंडी, वर मिरपूड. पहिल्या दिवशी नको-नको करत खाल्लं. पुढे पुढे साडेबाराची वाट बघायला लागले. झाकणावरचा कागद रोज समोर असायचा. तो वाचत वाचत मी जेवायचे. सुटताना तिला सांगायचे, आज डाळ छान होती, आज मीठ जास्त पडलंय. म्हणजे घरी गेल्यावर तिला लेकीला सांगायला बरं.

ती उतरत गेली तसं सगळ्यांना कौतुक. मुकादम म्हणाला, "पैलवानाची नटी झाली की!" ती लाजायची. पण चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं, मला कळत होतं. तिच्या बाजूची ओढ ढिली पडत चालली होती. एक दिवस मी नेहमीसारखा हिसका दिला आणि तीच धडपडत माझ्या अंगावर आली. सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. "पाय रोव गं, काडी!" म्हटलं मी तिला. आग लागो माझ्या जिभेला.

आठ महिन्यांनी काट्यावर वीस किलो कमी दिसले. लेक रजा टाकून तिला घेऊन गेली, ऑपरेशनची तारीख घ्यायला. डॉक्टर म्हणाले, हात न टेकता खुर्चीतून उठा. उठता येईना. त्यांनी मांड्या चाचपल्या आणि सांगितलं, या पायांवर आत्ता ऑपरेशन नाही, नंतर उभ्या कशा राहाल? खाता काय? लेक ठणकावून म्हणाली, "सगळं खाते. डबा रोज चाटूनपुसून रिकामा येतो." आई खिडकीबाहेर बघत बसली. इतकं खाऊनही मांस झडतंय म्हटल्यावर डॉक्टरांना भलतीच शंका आली, त्यांनी तपासण्यांची यादीच लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लेक तळघरात आली. डोळे सुजलेले. "मावशी, तिच्या पोटात गाठबीठ असेल का हो?"

पैलवान मान खाली घालून अभ्रे दुमडत होती. तिने माझ्याकडे बघून डोळ्यांनीच 'नको' केलं. पण ती पोर तपासण्यांची यादी माझ्यापुढे धरून उभी होती.

"गाठ नाही गं. डबा मी खाल्ला. आठ महिने, रोज."

वाटलं, थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं. तिने माझे गरगरीत दंड पाहिले, मग आईचे.

"आई सांगायची, आज मीठ जास्त झालं. मी दुसऱ्या दिवशी कमी घालायचे. ते कोणाला जास्त लागायचं?"

"मला."

तिने पिशवीतून आजचा डबा काढला, आईसमोर उघडून ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसली. "खा."

पैलवानाने डाळीचा एक चमचा तोंडात घातला. घास तोंडातच फिरत राहिला. कसाबसा गिळला.

"मीठ बरोबर आहे?" लेकीने विचारलं.

पैलवान माझ्याकडे बघायला लागली.